चिंचोळ्या बाथरूममधली गीझरची टाकी काढून टँकलेस बसवावा का?

करंजवेल

नमस्कार मंडळी,

आमचा २५ लिटरचा उभा गीझर म्हातारा झालाय. खालून थेंब थेंब पाणी गळतं. बदलायचा आहे हे नक्की, पण पुन्हा टाकीचाच आणायचा की पाणी वाहता वाहता तापवणारा, बिनटाकीचा घ्यायचा, यावर घरात एकमत होत नाहीये.

मुख्य अडचण जागेची. बाथरूम ११० सेंमी रुंद, १८० सेंमी लांब, वर माळा असल्यामुळे उंची जेमतेम २२० सेंमी. टाकी भिंतीपासून जवळजवळ ४० सेंमी पुढे आलेली आहे आणि ती नेमकी शॉवरच्या शेजारी. मुलगा आता उंच झालाय, त्याचं डोकं रोज तिला लागतं. टँकलेस म्हणजे भिंतीला चिकटलेली छोटीशी पेटी, म्हणून तो मोह होतोय. एक छोटी खिडकी आहे, ती डक्टमध्ये उघडते. वायरिंग जुनं: १६ अँपिअरचा एक पॉवर प्लग, वायर २.५ चौरस मिमीची.

घरात चौघं आहोत, सकाळी निदान तिघांच्या अंघोळी लागोपाठ होतात. शॉवर आणि वॉशबेसिन, दोन्हीकडे गरम पाणी हवं. विजेचा घ्यावा की गॅसचा? आहे त्या वायरवर चालेल का? आणि ज्यांनी असा बदल केलाय ते समाधानी आहेत का?

सहजच

वाचतोय. आमच्याकडेही हाच विषय निघालाय.

दिवेलागण

विजेचा घेणार असाल तर थंडीच्या दिवसांचा विचार आधी करा. आमच्याकडे ३ किलोवॅटचा इन्स्टंट आहे. पहिला अर्धा मिनिट पाणी छान कढत येतं आणि मग कोमट. नळ बारीक केला की गरम, मोठा केला की गार. हात-तोंड धुवायला उत्तम आहे, पण शॉवरखाली उभं राहायचं तर जानेवारीत नकोसं होतं.

अक्षरवेल

दिवेलागण, माझा अनुभव अगदी उलटा आहे. ३ किलोवॅटचाच आहे आणि बारा महिने तक्रार नाही. शॉवर मात्र कमी पाणी सोडणारा बसवलाय. त्यामुळे सरसकट "नको" म्हणणं मला पटत नाही.

टेकडी

तुम्ही दोघंही बरोबर आहात. फरक गीझरचा नाही, नळातून येणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा आहे.

१ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला साधारण ४.१९ किलोज्यूल लागतात. त्यातून एक सोपा हिशेब निघतो: किलोवॅटला १४.३ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे "मिनिटाला किती लिटर" गुणिले "किती अंश वाढ". ३ किलोवॅटसाठी तो ४३ येतो. त्याची वाटणी कशी करायची ते तुमच्या हातात, पण ४३ च्या वर एक थेंबही मिळणार नाही, मग पेटीवर कोणाचंही नाव असो.

अक्षरवेल यांच्याकडे पाणी २६ अंशांचं येत असेल आणि अंघोळीला ३८ लागत असेल तर वाढ फक्त १२ अंशांची. ४३ भागिले १२, म्हणजे मिनिटाला साडेतीन लिटर. कमी पाण्याच्या शॉवरला तेवढं पुरतं. दिवेलागण यांच्याकडे थंडीत १६ अंशांचं पाणी येत असेल आणि ४० हवं असेल तर वाढ २४ अंशांची. मग हातात येतं मिनिटाला १.८ लिटर. २० लिटर पाणी जमवायला ११ मिनिटं लागतील. त्याला शॉवर म्हणता येत नाही.

दिवेलागण यांचं ते "पहिला अर्धा मिनिट कढत" हेही लक्षात घ्या. बाजारात इन्स्टंट म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पेट्यांमध्ये १ किंवा ३ लिटरची छोटी टाकी असते. आधी तापलेलं ते पाणी संपतं आणि मग कॉइलचा खरा दम कळतो. म्हणजे खऱ्या अर्थाने टँकलेस ते नव्हेतच. घेण्याआधी "आत किती लिटर" हे पाहाच, आणि त्याहून आधी किलोवॅटचा आकडा पाहा.

करंजवेल, तुम्ही दोन गोष्टी मोजून सांगा. शॉवरखाली मापाचं भांडं धरून मिनिटाला किती लिटर पडतं ते, आणि पहाटेच्या पाण्याचं तापमान. त्याशिवाय कोणताही सल्ला हवेतला राहील.

दिवेलागण

हो, ३ लिटरचाच आहे आमचा! आणि आमच्याकडचं थंडीतलं पाणी अक्षरशः बोटं बधिर करतं. आता उलगडा झाला.

अक्षरवेल

मान्य. आमच्याकडे वरची टाकी उन्हात असते, पाणी कधीच गार नसतं. हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता.

रानवारा

एवढा विजेचा हिशेब करण्यापेक्षा गॅसचा घ्या ना. ६ लिटरचा गॅस गीझर भिंतीवर लहानशा कपाटाएवढी जागा घेतो, सिलिंडरवर चालतो, वायरिंगला हात लावायला नको. बटण दाबायचंही काम नाही, नळ उघडला की पेटतो. आमच्याकडे बरीच वर्षं चालू आहे.

उंबरठा

रानवारा, कृपया करंजवेल यांना हा सल्ला असा मोकळा देऊ नका. त्यांनी मापं दिली आहेत, ती पाहा. त्या खोलीत गॅस गीझर बसवणं जिवावर बेतू शकतं.

मी रुग्णालयात काम करते, म्हणून जरा लांबण लावते. गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत तो कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळला तर वासाने कळतं, हा वायू कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो, त्यामुळे हवेत थोडा असला तरी पुरतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात. अंघोळ करणाऱ्याला वाटतं, वाफेमुळे गरगरतंय. तो बसतो, आणि मग उठून कडी काढण्याची ताकद उरत नाही. तरणीताठी माणसं अशी आणलेली मी पाहिली आहेत.

बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं रक्तही तो चांगल्या ऑक्सिजनचं म्हणून दाखवतो. म्हणून कोणी बाथरूममध्ये असं कोसळलं आणि घरात गॅस गीझर असेल, तर आधी माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि दवाखान्यात पोचल्यावर "गॅस गीझर चालू होता" हे पहिल्या वाक्यात सांगा. उपचाराची दिशा त्यावर ठरते.

टेकडी

उंबरठा यांच्या म्हणण्याला आकडा जोडतो. ६ लिटरचा गॅस गीझर (हा आकडा साठ्याचा नसतो, मिनिटाला तेवढं पाणी साधारण २५ अंशांनी तापतं असा त्याचा अर्थ) पाण्याला १०.५ किलोवॅट उष्णता देतो. वाया जाणारी धरली तर तासाला साधारण १ किलो एलपीजी जळतो. १ किलो एलपीजी पूर्ण जळायला १५ किलोंहून थोडी जास्त हवा लागते, म्हणजे १३ घनमीटर.

करंजवेल यांच्या बाथरूममध्ये एकूण हवा आहे ४.४ घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर २० मिनिटांत त्या खोलीतली सगळी हवा हिशेबाने संपते. ज्वलन बिघडायला एवढा वेळही लागत नाही, हवा निम्मी होण्याच्या कितीतरी आधी ते सुरू होतं. तिघांच्या लागोपाठ अंघोळी म्हणजे किती मिनिटं, तुम्हीच पाहा.

रानवारा

थांबा, आमचा गीझर बाथरूमच्या आत नाहीये, मागच्या उघड्या गॅलरीत आहे. तिथून गरम पाण्याची लाइन आत घेतली आहे. लिहिताना तो तपशील राहिला. उंबरठाताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. बाथरूमच्या आत नकोच.

सहजच

पण खिडकी उघडी ठेवली, एक्झॉस्ट फॅन लावला तर?

पाणपोई

सहजच, फॅनच्या भरवशावर तर अजिबात नको. धुराडं असलेला गीझर आणि त्याच खोलीत एक्झॉस्ट फॅन, हे जोडपं वाईट. फॅन खोलीतली हवा बाहेर ओढतो, आणि ती भरून काढायला धुराड्यातलाच धूर उलटा आत येतो. खिडकीचं म्हणाल तर थंडीत ती कोण उघडी ठेवतं? शिवाय करंजवेलताईंची खिडकी डक्टमध्ये उघडते. तो धूर वरच्या मजल्यावाल्यांच्या खिडकीतून त्यांच्या घरात.

गॅसच घ्यायचा तर दोन रस्ते. उघड्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर. नाहीतर बंदिस्त ज्वलनाचा, ज्याच्यात दुहेरी नळीतून बाहेरची हवा आत येते आणि धूर बाहेर जातो, खोलीतल्या हवेशी संबंधच नाही. पण त्या नळीचं तोंड मोकळ्या आकाशाकडे हवं, डक्टमध्ये नाही. कंडेन्सिंग प्रकारचा, म्हणजे धुरातली उष्णताही वापरून घेणारा, घेतला तर त्यातून आम्लधर्मी पाणी ठिबकतं, त्याला वेगळा निचरा द्यावा लागतो. अरुंद घरात हे सगळं जमवायचं म्हणजे भिंत फोडणं आलं.

नळाच्या कामात माझी हयात गेली, म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. ताई, आधी मला सांगा, गळतं नेमकं कुठून? टाकीच्या पत्र्यातून की सेफ्टी व्हॉल्वमधून? पाणी तापलं की फुगतं. १६ वरून ६० अंशांवर गेलं की २५ लिटरचं साधारण ४०० मिलिलिटर वाढतं. मागे जायला नॉन-रिटर्न व्हॉल्व आडवा आला की ते जास्तीचं पाणी सेफ्टी व्हॉल्वमधून ठिबकतं. गीझर चालू असतानाच तिथून ठिबकत असेल तर तो रोग नाही, ते त्याचं काम आहे. बरेच लोक तो व्हॉल्व कपड्याने बांधतात, बूच मारतात. असलं कधीही करू नका. थर्मोस्टॅट बिघडला तर टाकी फुटू न देणारी ती शेवटची वस्तू आहे.

दुसरी गोष्ट पाण्याच्या दाबाची. टँकलेस पेटीत पाण्याचा रेटा कळला तरच कॉइल किंवा बर्नर चालू होतो. वरच्या टाकीतली पाण्याची पातळी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर दाब मिळतो ०.३ बार. शेवटच्या मजल्यावर बहुतेक ठिकाणी हेच. काही मॉडेल एवढ्यावर चालतात, काहींना बराच जास्त लागतो. पेटीच्या कागदावर किमान दाब आणि किमान प्रवाह दोन्ही लिहिलेले असतात, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. टाकीचा गीझर दाबाला रुसत नाही, थेंब थेंब आलं तरी गरमच येतं.

करंजवेल

बापरे, किती महत्त्वाची माहिती! बाथरूमच्या आत तरी गॅसचा विचार आमच्याकडून बाद. उंबरठाताई, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

पाणपोईकाका, गळती पत्र्यातून आहे. खालच्या शिवणीशी गंजाचा तांबडा ओघळ आहे आणि गीझर बंद असतानाही गळतं. आम्ही मधल्या मजल्यावर आहोत, दाब बरा आहे. मोजमाप करून सांगते.

पाणपोई

मग टाकी गेली. पत्रा आतून कुजला की डाग देऊन उपयोग नाही. आतला मॅग्नेशियमचा दांडा वेळच्या वेळी बदलला तर टाकी जास्त टिकते. टाकीचा पत्रा वाचवायला तो स्वतः झिजतो. दर दोन-तीन वर्षांनी उघडून बघायचा असतो, पण बसवून देणारे सांगत नाहीत.

तांबडफुटी

मुलाचं डोकं टाकीला लागतं हे वाचून आमच्याच घराची आठवण झाली. आमच्या बाथरूममध्ये तर शॅम्पू लावताना कोपर एकदा दाराला आणि एकदा भिंतीला सलामी देतं. :)

मुद्द्याचं: टाकी बाथरूममध्येच हवी असं कोणी सांगितलं? आमची आडवी टाकी दाराच्या वर, बाहेरच्या पॅसेजमध्ये आहे. त्या जागेचा नाहीतरी काही उपयोग नव्हता. पाण्याच्या दोन लाइन भिंतीतून आत घेतल्या, बाथरूम एकदम मोकळी झाली. स्विचही बाहेर. फक्त टाकी आडवी बसवायची तर आडवीसाठी बनवलेलीच घ्यायची, उभी टाकी आडवी टांगायची नाही. आतल्या पाइपांची रचना वेगळी असते.

मध्यरात्र

पण टँकलेसमध्ये वीज वाचते ना? तोच तर मुख्य फायदा सांगतात. टाकीतलं पाणी उगाच गरम राहत नाही.

टेकडी

वाचते, पण कोणाची आणि किती हे सवयीवर आहे. तेवढंच पाणी तेवढेच अंश तापवायला टाकी असो वा नसो, ऊर्जा तेवढीच लागते. टँकलेसमध्ये वाचतो तो फक्त टाकीच्या भिंतीतून झिरपणारा भाग. ज्यांच्या घरी गीझर दिवसभर चालूच असतो, त्यांना फरक जाणवेल. ज्यांच्या घरी अंघोळीआधी लावतात आणि नंतर बंद करतात, त्यांची टाकी बंद केल्यावर आत उरलेलं गरम पाणी एवढंच नुकसान. ती बचत छोटी आहे. अंघोळीपुरताच गीझर लावणाऱ्या माणसाने केवळ बिलासाठी टँकलेस घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. जागेसाठी, न संपणाऱ्या पाण्यासाठी जरूर घ्यावा.

एक पथ्य मात्र आहे. टाकीचा थर्मोस्टॅट बचतीच्या नादात ४०-४५ वर ठेवू नका. २० ते ४५ अंशांच्या साठलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचे, न्यूमोनिया घडवणारे जिवाणू वाढतात. साठा ६० वर ठेवावा आणि नळाशी गार पाणी मिसळून घ्यावं.

उंबरठा

+१. आणि मिसळल्याशिवाय घेऊ नका. ६० अंशांच्या पाण्याने पाच-सहा सेकंदांत खोल भाजतं. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर तापमान आपोआप राखणारा मिक्सर बसवून घ्या.

जुनाखांब

थोडं अवांतर. टँकलेस हा नवा शोध आहे असं सगळे समजतात, पण क्रम उलटा आहे. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थाने गॅसवर चालणाऱ्या वॉटर हीटरचं पेटंट घेतलं. ते उपकरण वाहतं पाणी तापवणारंच होतं, साठा नव्हता. आपोआप चालणारा साठवणीचा हीटर त्यानंतर आला, १८८९ मध्ये, एडविन रूड या नॉर्वेत जन्मलेल्या अभियंत्याकडून, अमेरिकेत. पुढे जर्मनीत ह्यूगो युंकर्स यांनी १८९५ मध्ये डेसाऊ इथे कंपनी काढून न्हाणीघरातले गॅस हीटर बनवले. पुढे हेच युंकर्स विमानं बनवून नावाजले.

आणि उंबरठाताई सांगतात तो धोका पहिल्या दिवसापासूनचा आहे. मॉनच्या हीटरला धुराडंच नव्हतं.

सहजच

विमानवाले युंकर्स म्हणजे हेच? मला वाटायचं ते वेगळे. मस्त माहिती, जुनाखांब. यावर वेगळा धागा काढा ना.

जुनाखांब

नक्की काढतो. इथे करंजवेल यांचा प्रश्न मार्गी लागू दे आधी.

करंजवेल

मोजलं! शॉवर पूर्ण उघडल्यावर मिनिटाला ५ लिटर. पहाटेचं पाणी १७ अंश, आणि अजून थंडी पुरती सुरूही झालेली नाही, म्हणून १६ च धरते. टेकडी, तुमच्या सूत्राने मी केलेला हिशेब: २४ अंश गुणिले ५ म्हणजे १२०, भागिले १४.३, म्हणजे ८.४ किलोवॅट. बरोबर आहे का?

टेकडी

अगदी बरोबर. आता हा आकडा वायरीत बसवून पाहू, कारण अरुंद जागेत पेटी नेहमीच मावते, वायर मावत नाही.

२३० व्होल्ट धरला तर ३ किलोवॅटला १३ अँपिअर लागतात. १६ चा प्लग आणि चांगली २.५ ची तांब्याची वायर एवढं पेलते. ४.५ किलोवॅटला २० च्या आसपास, म्हणजे प्लग बादच, थेट जोडणी हवी. ८.४ किलोवॅटला ३६.५ अँपिअर. त्यासाठी मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन, १० चौरस मिमीची तांब्याची वायर, ४० अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा) आणि नीट मोजलेलं अर्थिंग. शिवाय मीटरचा मंजूर भार पुरतो का ते पाहावं लागेल. त्याच वेळी घरात दुसरं काही मोठं चालू असेल तर मेन पडणार.

आणि तो बाथरूममधला प्लग काहीही झालं तरी तिथून हलवा. स्नानगृहातल्या वीजजोडणीसाठी आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग ७०१ आहे. त्यात शॉवरभोवतीचे टापू ठरवून दिले आहेत आणि त्या टापूंमध्ये साधं सॉकेट चालत नाही. तुमची खोली इतकी लहान आहे की ती सबंध त्या टापूंतच येते. पेटी आयपीएक्स४ म्हणजे चारी बाजूंनी उडणारं पाणी सोसणारी हवी आणि स्विच दाराबाहेर.

अक्षरवेल

मी इथे एक बाजू मांडते, नाहीतर सगळे टँकलेसला घाबरतील. माझ्या भावाने घर नव्याने करताना असाच मोठ्या ताकदीचा विजेचा टँकलेस बसवला. भिंती उघड्याच होत्या, त्यामुळे जाड वायर सहज टाकता आली, मंजूर भारही वाढवून घेतला. बाथरूम तुमच्याएवढीच. पाहुणे असले की एकामागून एक सगळे अंघोळ करतात आणि शेवटच्यालाही तेवढंच गरम पाणी मिळतं. तो अतिशय खूश आहे. एकच सांगतो, तापमान पेटीवरच ३९-४० ला लावायचं आणि गार नळ उघडायचाच नाही.

पाणपोई

भावाने योग्य सांगितलं. टँकलेसचं पाणी खूप गरम लावून वर गार मिसळलं, की पेटीतून जाणारा प्रवाह कमी होतो. तो किमान प्रवाहाच्या खाली गेला की पेटी बंद पडते आणि डोक्यावर बर्फ. बऱ्याच मोठ्या पेट्यांना मिनिटाला दोन-अडीच लिटर तरी लागतात. "गीझर मध्येच बंद पडतो" अशी बोलावणी येतात, जाऊन बघावं तर पेटी ठणठणीत असते, मिक्सरचा दांडा चुकीच्या जागी असतो.

लागोपाठ अंघोळीत आणखी एक होतं. पहिल्याने नळ बंद केला, दुसऱ्याने उघडला की पाइपमधलं उरलेलं गरम, मग क्षणभर गार, मग पुन्हा गरम. पेटी चालू होऊन तापेपर्यंत जे पाणी निसटतं ते हे गार. काही सेकंदच असतं, पण सासूबाईंना आधी सांगून ठेवा.

आणि पाणी जड असेल तर टँकलेसच्या बारीक नळ्यांत क्षार लवकर बसतात. वर्षातून एकदा सायट्रिक ॲसिडचं पाणी फिरवून धुवावं लागतं. त्यासाठी आत-बाहेर दोन्ही बाजूंना सर्व्हिस व्हॉल्व बसवून घ्या आणि पेटीपुढे माणसाला उभं राहून झाकण काढता येईल एवढी जागा सोडा. जागा वाचली म्हणून पेटी माळ्याखाली कोंबून टाकतात, मग धुवायची वेळ आली की पेटीच उतरवावी लागते.

मध्यरात्र

हे क्षारांचं टाकीलाही होतं ना?

पाणपोई

होतं. पण टाकीत क्षार तळाशी बसतात, वाट अडत नाही. टँकलेसमध्ये वाटच तेवढी असते.

करंजवेल

वायरमन येऊन गेला. आमची १० चौरस मिमीची वायर मुख्य बोर्डापासून आणायची तर बैठकीच्या खोलीची नवी फरशी आणि दोन भिंती फोडाव्या लागतील. मंजूर भारही पुरत नाही. गॅलरी आहे, पण ती बंद करून घेतलेली, त्यामुळे रानवारा यांच्यासारखा बाहेरचा गॅस गीझरही नाही.

तांबडफुटी, तुमची कल्पना घरात सगळ्यांना आवडली. बाथरूमच्या दारावर पॅसेजमध्ये जागा आहे आणि भिंत पक्क्या विटांची आहे. आडवी १५ लिटरची टाकी की २५ ची, एवढंच ठरायचंय.

टेकडी

२५ घ्या. १५ लिटर पाणी ६० अंशांवर असेल तर १६ च्या गार पाण्यात मिसळून ४० अंशांचं साडेसत्तावीस लिटर मिळतं. तुमच्या शॉवरला साडेपाच मिनिटं. मग २ किलोवॅटच्या कॉइलवर पुन्हा तापायला २३ मिनिटं. २५ लिटरमध्ये शॉवरचा वेळ ९ मिनिटांवर जातो. तिघं लागोपाठ असाल तर हा फरक रोज जाणवेल. ३ किलोवॅटची कॉइल असलेली टाकी मिळाली तर अजून उत्तम, पुन्हा तापायचा वेळ एक तृतीयांशाने कमी होतो आणि तुमच्या आहे त्या वायरवर चालते, वायर तपासून घेतली असेल तर.

तांबडफुटी

आमची २५ चीच आहे. पाण्यासकट वजन ४० किलोंच्या घरात जातं, म्हणून अँकर फास्टनर चांगले जाड घ्या, साध्या प्लगमध्ये स्क्रू नकोत. आणि लाइन लांबेल म्हणून घाबरू नका. १५ मिमी आतल्या व्यासाच्या पाइपमध्ये मीटरला जेमतेम १८० मिलिलिटर पाणी राहतं. दोन-तीन मीटर म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास गार पाणी आधी येईल. पाइपवर फोमचं आवरण चढवा.

पाणपोई

जुनी टाकी उतरवताना एक ध्यानात ठेवा. वीज बंद, पाणी गार होऊ द्या, मग इनलेटचा कॉक बंद. गरम नळ उघडून टाकी रिकामी होईल असं वाटतं, पण होत नाही, कारण बाहेर जाणारी नळी आत वरपर्यंत गेलेली असते. गरम नळ उघडा ठेवायचा, म्हणजे हवा आत जाते, आणि इनलेटची नळी सोडवून तिथून पाणी काढायचं. नाहीतर भरलेली टाकी कोणाच्या तरी अंगावर. आपल्या खोलीत दोन माणसं शिडीसकट उभी राहणार नाहीत, तेव्हा आधी पूर्ण रिकामी करूनच हात लावा. सेफ्टी व्हॉल्वची निचऱ्याची नळी पॅसेजमध्ये ठिबकू देऊ नका, भिंतीतून बाथरूममध्ये सोडा.

दिवेलागण

या सगळ्यात वॉशबेसिनचं राहिलं. करंजवेल, बेसिन लांब असेल तर त्याच्याखाली आमच्यासारखा ३ किलोवॅटचा छोटा इन्स्टंट लावा. हात धुवायला मिनिटाला दोन लिटर खूप झाले.

करंजवेल

बेसिन बाथरूमच्या बाहेर, पॅसेजमध्येच आहे, टाकीच्या अगदी खाली. तिथून फाटा काढता येईल. पाणपोईकाका, एकाच टाकीतून शॉवर आणि बेसिन दोन्ही घेताना वेगळं काही करावं लागतं का?

पाणपोई

नाही. बेसिनच्या फाट्याला वेगळा अँगल कॉक द्या, म्हणजे तिथे काम निघालं तर शॉवर बंद पडणार नाही. कॉक अर्धाच उघडा ठेवा. म्हणजे कोणी अंघोळ करत असताना बेसिनचा नळ उघडला तरी आतल्याचं पाणी एकदम गार होणार नाही.